दालगादो–सोआरेस कोश: जहाजावरच्या शब्दांच्या बाजूनं एक वाचन

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या बैठकीत मी ‘आपल्या बोलण्यातले पोर्तुगीज शब्द’ असं एक टिपण वाचलं होतं. पगार, पिंप, बादली, लिलाव, तुरुंग, बिजागरी अशी यादी होती, समोर मूळ पोर्तुगीज शब्द होता. लोकांना मजा आली, टाळ्याही पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एक ताई उठल्या. त्यांचं माहेर बिलीमोऱ्याचं. म्हणाल्या, “अहो, शब्द आला हे कळलं. पण आणला कोणी?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. उत्तर माझ्यापाशी नव्हतं, कारण ज्या पुस्तकावरून मी यादी केली होती त्या पुस्तकात तो प्रश्न फारसा विचारलेलाच नाही.

आजचं टिपण त्या पुस्तकाविषयी आहे. आपण बिलीमोरा ते सुरत या किनाऱ्यावरचे आणि बडोद्यातल्या मराठी घरांतले जुने शब्द गोळा करून एक पुस्तिका काढायची ठरवली आहे. त्यात पहिला रकाना ‘मूळ भाषा’ असा ठेवावा, ही सूचना माझीच होती. ती मी मागे घेतो आहे. का, ते सांगण्यासाठी हे पुस्तक जहाजावरच्या शब्दांच्या बाजूनं वाचून दाखवतो. शब्द जहाजावरचेच का घेतले, तर कोशाचं बळ आणि त्याचं अपुरेपण दोन्ही तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसतात म्हणून.

पुस्तक कुठलं

मोन्सेन्योर सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो हे गोव्यातल्या आसगावचे. जन्म 1855 चा. धर्मगुरू होते, पुढे लिस्बनला संस्कृत शिकवत असत. 1893 साली मुंबईत त्यांचा कोंकणी–पोर्तुगीज कोश निघाला. 1913 साली कुइंब्रा विद्यापीठाच्या छापखान्यातून त्यांचं आपल्या विषयाचं पुस्तक आलं. आशियातल्या सुमारे पन्नास भाषांमध्ये गेलेले पोर्तुगीज शब्द त्यात मांडले आहेत. 1922 मध्ये ते वारले.

या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर 1936 साली प्रसिद्ध झालं, आणि तेही आपल्या बडोद्याहून. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतला तो 74 वा ग्रंथ. भाषांतरकार अँथनी झेवियर सोआरेस हे बडोदा कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी नुसतं भाषांतर केलं नाही, स्वतःच्या टिपा आणि भर घातली. गोव्याच्या माणसानं पोर्तुगीजमध्ये लिहिलेला कोश मराठी राजाच्या गुजराती मुलखातून इंग्रजीत निघाला, हे त्या वेळच्या बडोद्याला शोभण्यासारखंच होतं. त्याआधी पाचच वर्षं, 1931 मध्ये, कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ इथेच तयार झाला होता. शब्दांची मोजदाद करायची या शहराला सवयच होती म्हणा ना.

दालगादोंच्या कोशाची मांडणी साधी आहे. पोर्तुगीज शब्द मथळ्याला. त्याखाली तो कोंकणीत कसा, मराठीत कसा, गुजरातीत कसा, मग बंगाली, तमिळ, मलय, अशी ओळ. काही शब्दांखाली एकदोन भाषा, काहींखाली वीसपंचवीस. शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल शंका असेल तर चर्चा. मला या पुस्तकात सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे ते दुराग्रही नाही. दिसायला पोर्तुगीजसारखा आहे म्हणून शब्द लगेच खिशात घालायचा, असं दालगादो करत नाहीत. अरबी, फारसी, संस्कृत त्यांना येत होतं आणि ते तपासून बघत. पुढच्या तक्रारी वाचताना एवढं लक्षात असू द्या, कारण त्या तक्रारी माणसावर नाहीत, मांडणीवर आहेत.

कोशाचं मोठं काम: खलाशांची बोली

दालगादोंनी भाषांच्या ओळीत एक वेगळी बोली नोंदवली आहे. तिला ते लास्करी हिंदुस्थानी म्हणतात. ‘लास्कर’ म्हणजे युरोपीय जहाजांवर काम करणारा आपल्याकडचा खलाशी. शब्द फारसी ‘लश्कर’वरूनच निघाला, पण आपल्या मराठीतल्या लष्कराशी इथे गल्लत करू नये. गुजरात, कोकण, मलबार, बंगाल इथले लोक एकाच डेकवर काम करायचे आणि त्यांच्यात कामापुरती एक हिंदुस्थानी बोलली जायची. ती साहेबांना समजावी म्हणून थॉमस रोबक या लष्करी अधिकाऱ्यानं 1811 मध्ये कलकत्त्यात इंग्रजी–हिंदुस्थानी नाविक कोश छापला. 1882 मध्ये जॉर्ज स्मॉल यांनी तो सुधारून ‘लास्करी कोश’ या नावानं लंडनला पुन्हा काढला.

व्याकरण लिहिणाऱ्यांनी, विद्यापीठांनी या बोलीला कधी भाषेचा मान दिला नाही. दालगादोंनी तिला मराठी-गुजरातीच्या शेजारी ओळीत बसवलं, ही लहान गोष्ट नाही. तिथे आपल्याला ‘त्रिकट’ भेटतो. पोर्तुगीज ‘त्रिंकेत’वरून आलेला हा शब्द पुढच्या डोलकाठीसाठी आणि तिच्या शिडासाठी वापरतात. ‘गावी’ भेटतो. तो पोर्तुगीज ‘गाव्हेआ’वरून आला, अर्थ वरच्या टप्प्यातलं शीड. ‘इस्तिंगी’ म्हणजे शीड वर आवळून घेण्याचे दोर. ‘कालापत्ती’ म्हणजे फळ्यांच्या सांध्यांत कापूस किंवा काथ्या ठासून वर राळ चोपडणारा कारागीर. असे शब्द एकामागून एक वाचत गेलं की वाटतं, अख्खं जहाजच पोर्तुगीज होतं. माझ्या गेल्या वर्षीच्या टिपणात मी जवळजवळ असंच म्हटलं होतं.

ते चूक होतं. कसं, ते बघू.

जहाजाचा कुठला भाग, आणि शब्द कुठला

कोश बाजूला ठेवून जहाज समोर घ्या आणि एकेका भागाचं नाव विचारा.

आधी माणसं. नाखवा, फारसी ‘नाखुदा’वरून. सारंग, फारसी ‘सरहंग’वरून. खलाशी, अरबीवरून. सुकाणू धरणारा सुकाणी, अरबी ‘सुक्कान’वरून. तांडेल मात्र दक्षिणेकडच्या भाषांतही आहे आणि आपल्या कोळ्यांतही. म्हणजे हुद्दे बहुतेक अरबी-फारसी आहेत. पोर्तुगीज यायच्या कितीतरी शतकं आधीपासून अरबी समुद्रात जी जहाजं येत-जात होती, त्यांच्यावरची ही व्यवस्था. पोर्तुगीज आले तरी ती मोडली नाही, नव्या जहाजावर तशीच चढली.

मग दिशा. लास्करी बोलीत जहाजाच्या डाव्या अंगाला ‘दावा’ आणि उजव्या अंगाला ‘जमना’ म्हणत. बडोद्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपण रिक्षावाल्याला रोज ‘जमणी बाजू लो’ म्हणतो, ते हेच. पुढच्या भागाला ‘आगिल’, मागच्याला ‘पिछिल’. जहाजावर घाईच्या वेळी ज्या शब्दांवर जीव अवलंबून असायचा, ते डावे-उजवे, पुढचे-मागचे शब्द इथल्या मातीतले राहिले. साहेबानं हुकूम इंग्रजीत दिला असेल, पण सारंगाच्या तोंडून तो गुजराती-मराठीच्या अंगानं खाली यायचा.

आता शिडांकडे वळू. आपल्याकडच्या पडावांना आणि पतेमारींना एका लांब तिरप्या परबाणावर एक मोठं शीड असायचं. युरोपीय जहाजाला तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर एकावर एक चौकोनी शिडं आणि ती सावरायला दोरांचं जाळं. हे यंत्रच आपल्या खलाशाला नवं होतं. ते त्यानं पोर्तुगीज जहाजांवर पहिल्यांदा हाताळलं, म्हणून नावं पोर्तुगीज आली. त्रिकट, गावी, इस्तिंगी हे सगळे याच थरातले. पुढे इंग्रजांची जहाजं आली तरी ती नावं बदलली नाहीत, कारण काम करणाऱ्याची जीभ एकदा बसली की मालक बदलला म्हणून ती बदलत नाही.

शेवटी वाफेची जहाजं आली. बॉयलरला कोळसा घालणारा ‘आगवाला’, यंत्राला तेल देणारा ‘तेलवाला’, कोळसा वाहून आणणारा ‘कोयलावाला’. हे शब्द कुठल्या समितीनं केले नाहीत. बॉयलरसमोर उभ्या असलेल्या माणसांनी हाताशी असलेल्या शब्दांना ‘वाला’ लावला आणि काम भागवलं. नाविक अभियांत्रिकीचे आपल्याकडचे पहिले पारिभाषिक शब्द कुणी विचारले तर मी हे सांगेन.

अशा चार थरांचं ते जहाज आहे. हुद्दे अरबी-फारसी, दिशा देशी, शिडांचा पसारा पोर्तुगीज, यंत्रघर हिंदुस्थानी. हे थर कामाप्रमाणे पडले आहेत. जे काम ज्या काळात, ज्याच्या संगतीत शिकलं, त्याची नावं त्या संगतीतली. दालगादोंच्या कोशात यांतला तिसरा थर भरभरून दिसतो, बाकीचे तीन दिसत नाहीत. ते दिसणारही नाहीत, कारण पुस्तकाचा विषयच पोर्तुगीज शब्द. पण वाचणारा जहाजाचा एक थर बघतो आणि संपूर्ण जहाज बघितल्यासारखं बोलायला लागतो. मी तेच केलं.

बाण कुठल्या दिशेचा

दुसरी तक्रार मथळ्याबद्दल. पोर्तुगीज शब्द वर आणि बाकी भाषा खाली अशी रचना केली की बाण एकाच दिशेला जातो. समुद्रावर असं क्वचितच घडतं.

कालापत्तीचंच घ्या. पोर्तुगीज ‘कालाफाते’ आहे खरा, पण अरबीतही त्याच्याशी जुळणारा शब्द आहे, मध्ययुगीन ग्रीकांकडेही आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या गोद्यांमधून हा शब्द फिरत होता. आपल्या किनाऱ्यावर अरबांची ये-जा किती जुनी ते वेगळं सांगायला नको. खलाशाच्या तोंडी त्याचं जे रूप राहिलं ते पोर्तुगीज वळणाचं असेल, पण ‘पोर्तुगीजांनी दिला’ एवढ्यानं गोष्ट पुरी होत नाही.

‘बोया’ बघा. पोर्तुगीज ‘बोइआ’, इंग्रजी ‘बॉय’. बंदरात तरंगणाऱ्या त्या पिंपाला पहिल्यांदा कुणाच्या काळात नाव मिळालं, हे प्रत्येक बंदराचं वेगळं असू शकतं. ‘गलबता’चं मूळ तर जुन्या अभ्यासकांत वादाचंच आहे. कुणी ते युरोपीय ‘गालेओता’कडे नेतं, कुणी इथल्या लहान लढाऊ नावांच्या नावाकडे. इंग्रजांनी त्याचं ‘गॅलिव्हॅट’ केलं, हे मात्र नक्की. आरमाराच्या दुसऱ्या मुख्य नावेचं, गुराबेचं, नाव अरबी. त्याचा अर्थ कावळा. इंग्रजांनी त्याचं ‘ग्रॅब’ केलं. आणि ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आला असं मानतात. म्हणजे मराठ्यांच्या आरमारातल्या गुराबा आणि गलबतं म्हटलं, की तीन शब्दांत निदान दोन समुद्रापलीकडचे, आणि तिसऱ्याबद्दल वाद. तरी ते आरमार मराठ्यांचंच होतं ना?

उरलेला अर्धा भाग

इथे दालगादोंवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. उलट्या दिशेचं काम त्यांनी स्वतःच केलं होतं. 1919 आणि 1921 मध्ये दोन खंडांत त्यांचा ‘ग्लोसारियो लुसो-आसियातिको’ आला. आशियातले शब्द पोर्तुगीजमध्ये कसे गेले, याचा तो कोश आहे. 1913 चं पुस्तक आणि हा कोश मिळून त्यांचं काम पुरं होतं. बडोद्याहून निघालं ते फक्त पहिलं. आपल्या वाचनालयांत, आपल्या टिपणांत आणि आपल्या डोक्यात तेवढंच राहिलं. भाषांतरकारानं एका पुस्तकाचं भाषांतर केलं, यात त्याचा दोष नाही. दोष आपला, की आपण पुढचं मागितलं नाही.

उरलेल्या अर्ध्या भागात काय आहे? जहाजाचं लाकूड आहे. साग. पोर्तुगीजांनी मल्याळम ‘तेक्क’ ऐकला, त्याचा ‘तेका’ केला आणि तिथून इंग्रजीत ‘टीक’ गेला. जहाजाचा दोर आहे. नारळाच्या काथ्याला मल्याळममध्ये ‘कयर’, पोर्तुगीजमध्ये ‘काइरो’, इंग्रजीत ‘कॉयर’. आपला मचवा ‘मांशुआ’ होऊन पोर्तुगीज कागदपत्रांत जाऊन बसला. पतेमारी आणि शिबाड इंग्रजांच्या कागदांत गेले. 1510 मध्ये आल्बुकेर्कनं गोवा घेतलं तेव्हा त्याला तिथे आदिलशाहीतली गोदी तयार मिळाली, कामगारही मिळाले. पोर्तुगीजांची गोव्यातली जहाजं इथल्या सागाची, इथल्या दोराची आणि इथल्या सुतारांच्या हातची होती. त्या गोदीत शब्द एका बाजूनंच गेले, असं कोण म्हणेल?

आणि वारा? अरबी ‘मौसिम’. पोर्तुगीजांनी त्याचं ‘मोन्साव’ केलं, इंग्रजांनी ‘मान्सून’. आपण अरबीवरून थेट ‘मोसम’ घेतला होताच, वर इंग्रजीकडून ‘मान्सून’ही घेतला. आता जूनमध्ये आपलं वर्तमानपत्र एकाच बातमीत ‘मान्सून केरळात दाखल’ आणि ‘मोसमी वारे’ असं लिहितं. एकच शब्द दोन रस्त्यांनी घरी आला आहे. एका मथळ्याखाली अशी गोष्ट मावत नाही.

घरातला बंब

तिसरी तक्रार आपल्या अधिक जवळची आहे. पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप. जहाजाच्या तळाशी साचलेलं पाणी उपसायला तो लागतोच, नाहीतर जहाज बुडायचं. त्यावरून मराठी ‘बंब’, गुजराती ‘बंबो’. कोशात इथवर सगळं ठीक.

पण आपल्या वाड्यांतल्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा, मधे निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी. आमच्या घरात तो मी सातवी-आठवीत असेपर्यंत पेटत होता. त्यातून पाणी उपसायचं नसतं, तापवायचं असतं. शिवाय रस्त्यावर आगीचा बंब आहेच. जहाजातून आगीच्या बंबाकडे जाणं समजतं, तो पंपच आहे. न्हाणीघरात शिरताना मात्र शब्दानं काम बदललं. ते कुठल्या तांबटानं, कुठल्या शहरात, कशाशी साम्य बघून केलं, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि तो आपला आहे. ‘बंब, पोर्तुगीज बोंबावरून’ असं लिहून आपण तो प्रश्न सुटला असं समजतो. प्रत्यक्षात तो तिथे सुरू होतो.

बादली आणि पिंप यांचंही तसंच. दोन्ही जहाजावरची रोजची भांडी. पिंपात पिण्याचं पाणी, बादलीनं डेक धुवायचा. ती घरात आली आणि आपण विसरलो की ती कधी समुद्रावर होती. त्या ताईंचा प्रश्न, ‘आणला कोणी?’, इथे लागू पडतो. राजानं आणला नाही, पाद्र्यानं आणला नाही. सुट्टीवर घरी आलेल्या खलाशानं, गोदीतल्या सुतारानं, बंदरातल्या हमालानं आणला असण्याचीच शक्यता जास्त.

हा कोश आपण कशासाठी वापरला

पुस्तकाचं मूल्यमापन करताना त्याच्या वाचकांचंही करायला हवं. असे कोश मराठीत दोन कामांसाठी वापरले गेले. एक, गंमत म्हणून: बघा, पगारसुद्धा पोर्तुगीज! दुसरं, साफसफाईसाठी: हा परका, हा काढा.

1936 हे साल इथे लक्षात घेण्यासारखं आहे. त्याच वर्षी जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, जन्मानं बडोद्याचे. 1925 मध्ये त्यांनी फारसी–मराठी कोश केला होता. 1938 मध्ये त्यांचं ‘भाषाशुद्धि-विवेक’ आलं. ज्या माणसानं फारसी शब्दांची एवढी मन लावून नोंद केली, त्यानंच पुढे ते टाळण्याचा आग्रह धरला. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला शंका नाही. पण कोशात ‘मूळ’ हाच पहिला रकाना असला की पुढची पायरी ‘परका’ ही असते, एवढं त्यावरून दिसतं.

समुद्रावर हे कितपत चालेल ते करून बघा. ‘खलाशांनी सुकाणू फिरवून जहाज बंदरात आणलं आणि नांगर टाकला.’ यातले खलाशी, सुकाणू, जहाज, बंदर हे चारही अरबी-फारसी. नांगरसुद्धा फारसी ‘लंगर’वरून आलेला दिसतो, मराठी कानानं त्याला शेतातल्या नांगराच्या नावात मिळवून टाकलं. ते काढले तर उरतं काय? फिरवून, आणलं, टाकला. क्रियापदं, विभक्ती, वाक्याची चाल हे सगळं मराठी आहे, आणि तेवढ्यानं ते वाक्य मराठी होतं. संस्कृतात ‘कर्णधार’ हा सुकाणू धरणाऱ्यासाठी सुंदर शब्द होता. तो आता क्रिकेटच्या मैदानावर आहे, जहाजावर त्याला कोणी बोलावत नाही. ‘सुकाणू’ मात्र जहाज सोडून ‘सुकाणू समिती’त जाऊन बसला, तरी कुणाला परका वाटला नाही.

याला जुना आधारही आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला, तो यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. त्याचे दहा वर्ग आहेत. राजवर्ग आहे, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, अगदी पण्यवर्गही आहे. आरमाराचा स्वतंत्र वर्ग नाही, आणि हे त्या राजाच्या काळात, ज्यानं आरमार उभं केलं. पुढे 1716 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर खास प्रकरण येतं. त्यात गुराबा आहेत, गलबतं आहेत, आंबे-फणस तोडू नयेत, सागवान परवानगीनं तोडावं अशी बारीक सूचना आहे. पण शब्द बदलण्याचा हट्ट नाही. जहाज चालवणाऱ्यांना कळतील ते शब्द अमात्यांनी घेतले. मला ते शहाणपणाचं वाटतं.

आपल्या पुस्तिकेपुरतं

तर दालगादो–सोआरेस कोशाबद्दल माझं मत असं. तो चांगला कोश आहे, प्रामाणिक आहे, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो लिहिला त्याचं उत्तर तो देतो. खलाशांच्या बोलीला त्यानं जागा दिली, यासाठी आपण त्याचे ऋणी आहोत. पण तो एका भाषेच्या ‘प्रभावा’चा कोश आहे. समुद्रावरच्या जीवनाचा किंवा आपल्या शब्दसंग्रहाचा इतिहास म्हणून तो वापरायला गेलो तर फसगत होते. प्रभाव मोजताना देणारा दिसतो, घेणारा नुसता रकाना होतो. तो घेणारा म्हणजे कोकणातला, गुजरातचा, गोव्याचा खलाशी. त्यानं कुठला शब्द घ्यायचा, कुठला सोडायचा, कुठला स्वतः करायचा हे आपल्या कामाप्रमाणे ठरवलं होतं.

म्हणून पुस्तिकेसाठी माझी नवी सूचना अशी. प्रत्येक शब्दापुढे पहिला रकाना ‘वस्तू किंवा काम’ हा असावा. दुसरा ‘कोण वापरतं’: कोळी, सुतार, खलाशी, घरातल्या बायका. तिसरा ‘कुठे ऐकला’. चौथा ‘आता कशासाठी वापरतात’. ‘मूळ भाषा’ हा रकाना शेवटी, आणि मुळाबद्दल एकापेक्षा जास्त मतं असतील तर ती सगळी तिथे लिहावीत. बिलीमोऱ्याला गायकवाडांचं आरमार होतं, सुभा आरमार म्हणून. तिथे नावा बांधणारी घराणी होती. त्या गावात जाऊन ‘हा शब्द कुठल्या भाषेतला?’ असं विचारलं तर कोणी काही सांगणार नाही. ‘ह्याला काय म्हणता आणि हे कशाला लागतं?’ असं विचारलं तर माणसं बोलायला लागतील.

पुढच्या बैठकीला त्या ताईंनी माहेरच्या बोटीच्या भागांची नावं लिहून आणायचं कबूल केलं आहे. त्यांच्या थोरल्या भावाला त्यातली बरीच पाठ आहेत म्हणे. ज्यांच्याकडे जुने बंब, पिंपं किंवा खलाशी नातेवाइकांची पत्रं असतील त्यांनीही ती घेऊन यावीत. माझ्या जुन्या यादीत ज्या शब्दांपुढे मी निर्धास्तपणे ‘पोर्तुगीज’ लिहून टाकलं होतं, ते सगळे मी तोपर्यंत पुन्हा तपासून ठेवतो.